आम्ही ४ मित्र, मुंबईहून कमी बजेटमध्ये टेंट घेऊन सर्फिंग शिकायला कुठे जाऊ?

मुल्कीला जा, कर्नाटकात मंगळूरच्या जरा अलीकडे, आणि टेंट शेजारच्या ससिहित्लू बीचच्या आसपास कुणाच्या तरी माडाच्या वाडीत विचारून टाका, थेट वाळूत नको. मी दोनदा जाऊन आलोय म्हणून सांगतो, कोकण रेल्वेचं स्टेशन मुल्कीलाच आहे, मुंबईहून येणारी मत्स्यगंधा एक्सप्रेस तिथे थांबते, स्लीपरने गेलात तर प्रवासाचा खर्च गोव्याला बसने जाण्यापेक्षा जास्त वाटणार नाही, आणि सर्फ स्कूलवाले बोर्ड देतातच त्यामुळे विकत काही घ्यायचं नाही. तिथे नद्यांचं मुख आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याशिवाय पाण्यात उतरू नका, मुखाजवळ ओढ भयंकर असते, पोहता येतं म्हणून शहाणपणा करू नका.

टेंट नेताना एवढंच बघा:
- टेंट वाळूत टाकावाच लागला तर पेग (टेंटच्या खुंट्या) टिकत नाहीत, रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून पुरा आणि दोरी त्यांना बांधा
- पौर्णिमा-अमावस्येला भरती जास्त आत येते, कोरड्या शेवाळाची रेघ दिसते तिच्या बरंच वर राहा
- जेवण गावात मासळी-भात खा, स्टोव्ह वगैरे उगाच ओझं

फक्त हे सगळं ऑक्टोबर ते मे साठी सांगतोय, पावसाळ्यात नवशिक्यांनी तिकडे जाऊच नये, आणि मेमध्ये गेलात तर टेंटमध्ये सकाळी ७ नंतर भाजून निघाल.