नववीतल्या मुलांना ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आणि ‘ओडिसी’ कशासाठी शिकवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलगा अमेरिकेत नववीत शिकतो, इंग्रजीच्या तासाला त्याला या वर्षी शेक्सपिअरचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आणि होमरचे ‘ओडिसी’ आहे, दोन्हींचा त्याला कंटाळा आला आहे, तर इतक्या जुन्या गोष्टी चौदा वर्षांच्या मुलांना का शिकवतात आणि मराठी माध्यमात शिकलेल्या आईवडिलांनी त्याला मदत कशी करावी? मी मूळची साताऱ्याची. पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. केले आणि गेली अकरा वर्षे न्यू जर्सीतील एका सरकारी हायस्कूलमध्ये नववीला नेमक्या याच दोन कृती शिकवते आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

अमेरिकेत संपूर्ण देशासाठी ठरवून दिलेले एक पाठ्यपुस्तक नसते. राज्ये, जिल्ह्यांची शाळा मंडळे आणि पुष्कळदा शिक्षकच काय वाचायचे ते ठरवतात. तरीही असंख्य शाळांत नववीला हीच जोडी आढळते. याचे एक कारण अगदी व्यवहारातले आहे. ही दोन्ही अनेक दशके पाठ्यपुस्तकांत आहेत, शाळेच्या कपाटात तीस-तीस प्रती पडून आहेत आणि शिक्षकांची टिपणे तयार आहेत. ज्युलिएट तेरा वर्षांची आहे, म्हणजे जवळजवळ वर्गातल्या मुलींच्याच वयाची, हे दुसरे कारण नेहमी सांगितले जाते. माझ्या मते खरे कारण या दोन कृती शेजारी ठेवल्यावरच दिसते. एक गोष्ट घाईची आहे आणि दुसरी धीराची, आणि चौदाव्या वर्षी माणूस नेमका या दोहोंच्या मध्ये उभा असतो.

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ हे साधारण 1595 च्या सुमाराचे नाटक आहे. कथा शेक्सपिअरची स्वतःची नव्हे. आर्थर ब्रूक नावाच्या कवीने 1562 मध्ये लिहिलेल्या एका दीर्घ इंग्रजी कवितेवरून त्याने ती घेतली. ब्रूकच्या कवितेत ही कथा काही महिने चालते आणि नायिका सोळा वर्षांची आहे. शेक्सपिअरने तिला तेरा वर्षांची केले आणि सगळा काळ जेमतेम पाच दिवसांत आणून बसवला. हे बदल मुलाला सांगा, कारण नाटकाची किल्ली तिथेच आहे. रविवारी रात्री भेट, सोमवारी दुपारी लग्न, त्यानंतर तासाभरात रोमिओचा मित्र मर्क्युशिओ याचा आणि लगोलग ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट याचा मृत्यू, मंगळवारी पहाटे ताटातूट, आणि त्याच सकाळी ज्युलिएटच्या कानावर येणारे, बापाने पॅरिस नावाच्या सरदाराशी ठरवलेले दुसरे लग्न. ते लग्नही आधी गुरुवारी ठरते आणि मग ऐनवेळी एक दिवस अलीकडे ओढले जाते. घाई फक्त प्रेमिकांना झालेली नाही, घाई सगळ्या गावाला झालेली आहे. ‘सावकाश जा, धावणारे अडखळतात,’ असे रोमिओला बजावणारा साधू फ्रायर लॉरेन्स स्वतःच त्यांचे लग्न उरकून टाकतो. ज्युलिएट मेलेली नसून औषधाने झोपली आहे, हे कळवण्यासाठी हद्दपार झालेल्या रोमिओला मंटुआ शहरी पाठवलेले पत्र पोहोचत नाही, कारण ते नेणाऱ्या साधूला प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडून दाराला सील ठोकतात. हा प्रसंग पूर्वी मुलांना ओढूनताणून आणलेला वाटायचा. 2020 नंतर मात्र मला त्यावर एक वाक्यही समजावून सांगावे लागलेले नाही.

‘ओडिसी’ याच्या बरोबर उलट दिशेने चालते. चोवीस सर्ग, सुमारे बारा हजार ओळी, आणि वीस वर्षे घराबाहेर राहिलेला माणूस, ओडिसिअस. दहा वर्षे ट्रॉयच्या युद्धात गेली आणि दहा परतीच्या वाटेवर. त्यातली सात एकट्या कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर. घरी त्याची बायको पेनेलोपी हिच्याशी लग्न करू पाहणारे एकशे आठ मागणीदार त्याच्याच गुराढोरांवर ताव मारत बसले आहेत आणि त्यांना टाळण्यासाठी ती सासऱ्यासाठी कफनाचे वस्त्र दिवसा विणते व रात्री उसवते. ओडिसिअसची ताकद धनुष्यात आहे असे मुलांना वाटते. ती खरी आहे थांबण्यात. पॉलिफेमस या एकाक्ष राक्षसाने त्याचे साथीदार खाल्ल्यावर तो तलवारीला हात घालतो, पण झोपलेल्या राक्षसाला मारले तर गुहेच्या तोंडावरची शिळा, जी बावीस गाड्यांनाही हलली नसती, ती हटवणार कोण, हे लक्षात येऊन तो हात मागे घेतो. तोच माणूस सुटका झाल्यावर गलबतावरून ओरडून स्वतःचे खरे नाव सांगतो, आणि त्या एका क्षणाच्या फुशारकीपायी समुद्रदेव पोसायडन त्याच्या मागे लागतो. म्हणजे धीर हा त्याला जन्मतः मिळालेला गुण नाही, तो त्याला महागात पडून शिकावा लागला आहे. पुढे स्वतःच्याच घरात भिकाऱ्याच्या वेषात असताना त्याला स्टुल फेकून मारतात, शिव्या देतात, आणि विसाव्या सर्गात तो आपल्या काळजालाच समजावतो की याहून वाईट तू सोसले आहेस, आणखी थोडे सोस. मनाला समोर बसवून त्याची समजूत घालण्याची ही रीत समर्थांच्या श्लोकांवर वाढलेल्या मराठी माणसाला मुळीच परकी वाटू नये.

पहिल्या वर्षी मी हे सगळे वाईट शिकवले. साहित्यातील संज्ञांची यादी दिली, प्रत्येक अंकावर वर्कशीट दिली, दर शुक्रवारी चाचणी घेतली, आणि मुलांनी मला हव्या त्या संज्ञा हव्या त्या जागी लिहूनही दाखवल्या. मे महिन्यात एका शांत मुलीने मला विचारले की रोमिओ थडग्यात आणखी थोडा वेळ थांबला असता तर ज्युलिएट जागी झाली असती, हे खरे आहे का. वर्षभर मी ‘नाट्यगत उपरोध’ (जे पात्राला ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे) ही संज्ञा शिकवत होते आणि जे घडते आहे ते मी त्यांना एकदाही पाहू दिले नव्हते. दुसऱ्या वर्षापासून मी वर्कशीट बंद केल्या आणि तासाला मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

मदतीचा माझा पहिला सल्ला म्हणूनच हाच आहे : घरी मोठ्याने वाचा. तुमचा इंग्रजी उच्चार कसा आहे याची चिंता करू नका. एक पान तुम्ही वाचा, एक मुलाला वाचू द्या. या दोन्ही कृती डोळ्यांसाठी रचलेल्याच नाहीत. नाटक उघडच रंगमंचासाठी आहे. होमरचे महाकाव्य लिहिले जाण्यापूर्वी गायले जात होते, हे 1930 च्या दशकात मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने युगोस्लाव्हियातील निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करून फार ताकदीने मांडले. पहाट उगवली की ती दरवेळी ‘गुलाबी बोटांची’ का असते, समुद्र ‘मद्यासारखा गडद’ का असतो, असा वैताग तुमच्या मुलाने केला असेलच. त्याला गीतेतील अर्जुनाची नावे आठवून द्या : कधी पार्थ, कधी कौंतेय, कधी धनंजय, कधी गुडाकेश. ओळीत जेवढी जागा आणि जशी लय, तसे नाव. गाणाऱ्याला पुढची ओळ जुळवायला त्या ठरावीक शब्दांचा आधार मिळतो आणि ऐकणाऱ्याला ओळखीची खूण. पोवाडा किंवा कीर्तन ऐकलेल्या घरात हे समजावणे अवघड जाऊ नये.

कीर्तनावरून आणखी एक गोष्ट आठवली. नाटकाच्या पहिल्या चौदा ओळींतच हे दोघे मरणार असे सांगून टाकले आहे, मग पुढे वाचायचे कशाला, अशी मुलांची तक्रार असते. हरिश्चंद्राचे आख्यान लावलेल्या बुवांसमोर बसलेल्या प्रत्येकाला शेवट ठाऊक असतो, तरी तारामतीच्या प्रसंगाला पदर डोळ्यांना लागतोच. शेवट ठाऊक असल्यामुळे आपण ‘काय होईल’ हे सोडून ‘कुठे टळू शकले असते’ हे पाहू लागतो, आणि या नाटकात अशा जागा किती आहेत ते मोजणे हा माझ्या वर्गातला सर्वात गाजणारा अभ्यास आहे.

आता तुमच्या घराची एक खास जमेची बाजू सांगते, जी इथल्या बहुतेक मुलांकडे नसते. आजच्या इंग्रजीत समोरच्या माणसासाठी एकच ‘यू’ उरला आहे. शेक्सपिअरच्या काळी ‘दाउ’ आणि ‘यू’ असे दोन होते, आणि त्यांतला फरक बराचसा आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा होता. वर्गातल्या मुलांना ‘दाउ’ हा नुसता जुनाट, देवळातला शब्द वाटतो. मराठी मुलाला तो कानाने कळू शकतो. मेजवानीत पहिल्यांदा बोलताना ज्युलिएट रोमिओला ‘यू’ म्हणते. त्याच रात्री सज्जात उभी राहून, तो ऐकतो आहे हे ठाऊक नसताना, ती त्याला ‘दाउ’ म्हणते आणि तो समोर आल्यावरही ते बदलत नाही. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याचा क्षण मराठीत काय असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे तिसऱ्या अंकात लग्नाला नकार दिल्यावर बाप तिला चर्चमध्ये जायला फर्मावतो, तेव्हा तोही ‘दाउ’च वापरतो, पण तो रागाचा, अरेतुरेचा असतो. एकच शब्द, आणि दोन्ही टोके त्यात मावलेली. मंगेश पाडगांवकरांनी या नाटकाचा मराठी अनुवाद केला आहे. तो मिळाला तर एखादा प्रवेश दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचा.

ज्युलिएटची दाई तिचे वय कसे सांगते तेही मुलाला दाखवा. ‘भूकंपाला अकरा वर्षे झाली, त्याच दिवशी मी हिचे दूध तोडले होते,’ असा तिचा हिशेब आहे. माझी आजी घरातल्या सगळ्यांची वये पानशेतच्या पुरावरून मोजायची. हे वाचल्यापासून ती दाई मला कधी परकी वाटली नाही.

शाळेच्या पुस्तकातून काय गळते, याकडेही लक्ष असू द्या. ‘ओडिसी’ बहुधा उताऱ्यांच्या रूपात असते, तेही ओडिसिअस स्वतः सांगतो त्या साहसांचे, म्हणजे नवव्या ते बाराव्या सर्गांतले. पहिले चार सर्ग त्याच्या मुलाचे, टेलेमाकसचे आहेत, आणि तेच गाळले जातात याचे मला फार वाईट वाटते. बाप पाहिलेला आठवत नाही, घर परक्यांनी भरले आहे, मोठ्यांच्या सभेत उभा राहून बोलायला जातो आणि रडू कोसळून हातातला राजदंड जमिनीवर टाकतो. नववीतल्या मुलाला स्वतःला जिथे पाहता येईल ती जागा हीच आहे. ग्रंथालयातून संपूर्ण अनुवाद आणा. एमिली विल्सन यांचा 2017 सालचा अनुवाद भाषेने सरळ आहे आणि मोठ्याने वाचायला उत्तम आहे. दुसरी गाळलेली जागा बाविसाव्या सर्गाच्या शेवटी आहे, जिथे मागणीदारांना मारल्यानंतर घरातल्या बारा दासींना फासावर चढवले जाते आणि ते काम टेलेमाकस करतो. हा भाग मुलापासून लपवू नका. जिच्याकडे नाही म्हणण्याची सोयच नव्हती त्या दासीचा गुन्हा काय, हा प्रश्न माझ्या वर्गातली मुले स्वतःहून विचारतात, आणि मला त्याचे सोपे उत्तर देता येत नाही.

एक विनंती मात्र मनापासून करते. आपल्या घरांत ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा ‘बघ, आईवडिलांचे न ऐकल्यावर काय होते’ असा उपयोग होतो; दोन पालकांनी मला तसे समाधानाने सांगितले आहे. नाटक हे म्हणत नाही. पहिल्या अंकात ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट मागणी घालणाऱ्या पॅरिसला सांगतो की मुलगी लहान आहे, दोन उन्हाळे जाऊ दे, आणि तिची संमती हवी. तोच बाप तिसऱ्या अंकात तिला रस्त्यावर उपाशी मर म्हणतो. या दोन प्रवेशांमधल्या दोन दिवसांत त्याचे काय झाले, हे मुलाशी बोला. एकाच बैठकीत दोन्ही वाचले तर फार चांगले.

‘ओडिसी’साठी मी तेविसावा सर्ग सुचवेन. मागणीदार मेले आहेत, नवरा समोर बसला आहे, आणि पेनेलोपी गप्प आहे. टेलेमाकस आईला दगडाच्या काळजाची म्हणतो, तरी ती उतावीळ होत नाही. ती दासीला सहज सांगते की यांचा पलंग बाहेर काढून त्यावर अंथरूण घाल. तो पलंग जमिनीत मुळे असलेल्या ऑलिव्हच्या झाडाचा बुंधा कोरून ओडिसिअसने स्वतः बनवलेला आहे, तो हलूच शकत नाही, आणि हे त्या दोघांनाच व एका दासीला ठाऊक आहे. राक्षसासमोर आणि भिकाऱ्याच्या वेषात ज्याने स्वतःला आवरले, तो इथे संतापून बोलून जातो, आणि त्याच्या त्या संतापावरून ती त्याला ओळखते. वाचून झाल्यावर मुलाला एवढेच विचारा की हा आपला नवरा आहे, हे पेनेलोपीला त्याच क्षणी कळले, की एकोणिसाव्या सर्गात भिकाऱ्याशी बोलतानाच तिने ताडले होते. अभ्यासकांचे यावर आजही एकमत नाही, माझ्या वर्गातही दरवर्षी दोन तट पडतात. तुमचा मुलगा कोणत्या बाजूचा निघाला आणि त्याने कोणत्या ओळींचा आधार दिला, हे इथे कळवलेत तर मला आनंद होईल.