संत बहिणाबाई कोण, आणि त्यांचे अभंग वाचायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की 'अरे संसार संसार' लिहिणाऱ्या बहिणाबाई म्हणजेच संत बहिणाबाई का, आणि वाचायचंच झालं तर सुरुवात कुठून करावी.

नाही, दोघी वेगळ्या. 'अरे संसार संसार' हे बहिणाबाई चौधरींचं. त्या खानदेशातल्या, १८८० ते १९५१. संत बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षं आधीच्या. जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. तुकोबांच्या शिष्या.

त्यांचा एक अभंग मात्र तुमच्या कानावर नक्की असणार. 'ज्ञानदेवे रचिला पाया, तुका झालासे कळस' हा त्यांचाच. आमच्या कोथरूडच्या भजनी मंडळात तो मी कित्येक वर्षं म्हटला, पण आम्ही कळसापाशी आलो की थांबायचो. पुढे एकदा गाथा हातात आली तेव्हा शेवटचा चरण दिसला. तिथे देवळावर ध्वजा फडकते आणि सोबत बहिणाबाईंचं नाव येतं. आपण इतकी वर्षं नेमकं तेवढंच गाळत आलो, हे मला फार लागलं.

लग्न अगदी बालपणी झालं, तेही तिशीतल्या बिजवराशी. भाऊबंदकी आणि कर्जापायी सगळ्या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. भिक्षा मागत, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करत ही माणसं कोल्हापूरला पोचली. तिथे नवऱ्याला दानात सवत्स कपिला गाय मिळाली. तिच्या वासराला या पोरीचा इतका लळा लागला की ते कीर्तनालाही तिच्या मागे जायचं. जयरामस्वामींच्या कीर्तनात वासराला बाहेर काढलं, तर दोघांनाही चैन पडेना. स्वामींनी दोघांना जवळ घेतलं आणि गावात चर्चा सुरू झाली. वेदपाठी नवऱ्याला ते सहन झालं नाही, त्याने तिला मारलं. पुढे वासरू मेलं. ती शुद्ध हरपून पडली आणि तशात स्वप्नात तुकोबांनी मंत्र दिला, असं त्या स्वतः सांगतात.

'स्वतः सांगतात' हे महत्त्वाचं आहे. इतर संतांचं चरित्र बहुतेक वेळा मागाहून दुसऱ्या कुणी लिहिलेलं असतं. इथे सतराव्या शतकातली एक बाई आपलं लग्न, मार, वासरू, गर्भारपण, सगळं अभंगांत मांडते. ब्राह्मण घरातल्या बाईने कुणब्याला गुरू मानणं नवऱ्याला पटेना. तो घर सोडून निघायच्या बेतात होता, तोच दुखण्याने अंथरुणाला खिळला. तिने त्याची सेवा केली, तो बदलला, आणि मग सारं कुटुंबच देहूला आलं. तुकोबांचं वैकुंठगमन १६५० चं, म्हणजे इंद्रायणीकाठी त्यांचं कीर्तन ऐकलं तेव्हा बहिणाबाई जेमतेम विशीच्या आसपास असतील. देहूत तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजी गोसाव्याने या कुटुंबालाही छळलं. त्याने यांच्या गाईला मारलं आणि वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, ही कथा त्यांच्याच अभंगांतून येते. देहूला गेले की मी घाटावर बसून हाच भाग वाचते.

आता ज्या ओळींपाशी मी दर वेळी अडते, त्या या:

वेद हाका देती पुराणे गर्जती । स्त्रियेच्या संगती हित नोहे ॥
मी तो सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आता कैची ॥

शास्त्र म्हणतं, बाईपासून दूर राहा. मग बाईने स्वतः कुठे जायचं? चार चरणांत त्यांनी प्रश्न थेट शास्त्रापुढे ठेवला. पण एवढ्यावरून त्यांना आजच्या मापाने बंडखोर ठरवू नका. भ्रतार हाच देव, असं सांगणारे पतिव्रताधर्माचे अभंगही त्यांचेच, आणि तेही त्यांनी मनापासून लिहिलेत. एकाच गाथेत दोन्ही आहेत. माझ्या मते सोयीचं तेवढं उचललं तर त्या हातून निसटतात. ब्राह्मण कोणाला म्हणावं याची चिकित्सा करणारी संस्कृत 'वज्रसूची' मराठी अभंगांत आणण्याचं कामही त्यांनी केलं.

१७०० मध्ये, बहात्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्याआधी विठोबा नावाच्या आपल्या मुलाला आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला आहे.

सुरुवात आत्मचरित्रपर अभंगांपासून करा. ते गोष्टीसारखे सलग वाचता येतात. वेदान्ताचे अभंग नंतर घ्या, ते जड आहेत. आणि मोठ्याने वाचा. जुने शब्द डोळ्यांना अडतात, कानाला नाही. गाथा घ्यायला पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात गेलात तर नुसतं 'बहिणाबाई' म्हणू नका, हातात चौधरींच्या कविता येतील. 'संत बहिणाबाईंची गाथा' असं पूर्ण नाव सांगा.