मुलगी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला हलका लॅपटॉप घ्यावा की पॉवरफुल?

आधी चार्जरची पिन बघा. मस्करी नाही करत, भिंतीत जाते ती पिन बघा, बाकीचं नंतर.

मी आर्किटेक्ट नाही, इंटिरियर डिझायनर आहे, पण सॉफ्टवेअर तीच, नकाशांना ऑटोकॅड, थ्रीडीला स्केचअप आणि रेंडरला, म्हणजे त्या थ्रीडीचं फोटोसारखं चित्र काढायला, एनस्केप. राहते डोंबिवलीला, ऑफिस दादरला, साईट कुठेही. २०२१ ला माझा जुना लॅपटॉप मेला तेव्हा आमच्या धाकट्या भाऊजींनी (आयटीत आहेत, म्हणजे घरात प्रिंटर अडला की त्यांनाच हाक) परस्पर निकाल लावून टाकला की वहिनी, एकदाच पैसे घालताय ना, मग मशीन घ्या, ते पातळ लॅपटॉप मेल बघायला ठीक असतात. आमच्या ह्यांनी पण मान डोलावली, कारण भावाने सांगितलं. आला मग गेमिंग लॅपटॉप, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्डवाला, लाखाच्या वर गेले. कीबोर्डातून लाल निळे हिरवे दिवे, ते बंद कसे करायचे हे मला दोन महिने सापडलं नव्हतं, क्लायंटसमोर उघडला की गणपतीची आरास.

घरून काम होतं तोवर मीही कौतुकच केलं, खोटं कशाला सांगू. रेंडर पटापट व्हायचे. मग ऑफिस सुरू झालं आणि सकाळची लोकल. लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तरी नशीब, बॅग रॅकवर टाकायला हात पोचत नाही आणि पोचला तरी एवढी वजनी बॅग कोणाच्या डोक्यावर पडली तर, म्हणून ती पोटाशी धरून उभं राहायचं. महिन्याभरात मान धरली. भाऊजींचं एकच, "अडीच किलो तर आहे वहिनी, तांदळाची पिशवी पाच किलोची उचलताच की." मग एका रविवारी रद्दीवाला आला होता, त्याच्या काट्याला माझी रोजची बॅग जशीच्या तशी अडकवली, लॅपटॉप, चार्जर, लॅमिनेटचे दोन कॅटलॉग, टेप, डबा, पाण्याची बाटली. सहा किलो दोनशे. एकटा चार्जरच पाऊण किलोच्या वर भरला, विटेएवढा असतो तो. रद्दीवाला म्हणाला ताई, कॅटलॉग द्या मला, चांगला भाव देतो.

पण खरा तमाशा झाला मुलुंडला. फ्लॅटचं पूर्ण रिनोव्हेशन, नवरा बायको आणि आजी, पहिलंच प्रेझेंटेशन. निघताना बॅटरी फुल होती, ऑफिसात तासभर काम केलं, मुलुंडला पोचून थ्रीडी फिरवायला घेतलं तर अडकत अडकत चाललंय आणि बॅटरी वीस टक्के. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते, ही ताकदवान मशीनं बॅटरीवर असली की ग्राफिक कार्डला पुरेशी वीजच मिळत नाही, जी पॉवर विकत घेतली ती प्लग लावल्यावरच. म्हटलं चार्जर लावते. त्याची पिन सोळा अँपिअरची, गिझरला असते तसली जाड. हॉलमध्ये सगळे सॉकेट लहान. कन्व्हर्टर घरी. जाड पिनचे पॉइंट दोनच, एक बेडरूममध्ये एसीचा, पार वर छताजवळ, दुसरा किचनमध्ये फ्रिजचा. आजींनी फ्रिज बंद केला. आम्ही चौघं ओट्याजवळ स्टुलं टाकून बसलो आणि मी त्यांच्या जुन्या किचनमध्ये त्यांना नवं किचन दाखवतेय, फॅन असा घोंघावतोय की मला मिक्सरच्या वर आवाज काढून बोलावं लागतंय. पाऊण तासाने आजी हळूच म्हणाल्या, "झालं असेल तर फ्रिज लावू का गं, आत कोलंबी आहे."

काम मिळालं, ते सोडा. भाऊजींना सांगितलं तर म्हणे यात लॅपटॉपची काय चूक, कन्व्हर्टर बॅगेत ठेवायचं. म्हणजे अजून एक वस्तू बॅगेत! शिवाय हिशोब करा, २३० वॅटचा चार्जर, आपली लाईट २३० व्होल्टची, म्हणजे जेमतेम एक-सव्वा अँपिअर, त्याला गिझरची पिन कशासाठी लावतात ते त्या कंपनीलाच माहीत.

तर तुमच्या मुलीचं. पहिल्या वर्षी बऱ्याच कॉलेजात हातानेच ड्राफ्टिंग करून घेतात, शीट, टी-स्क्वेअर, मॉडेलला माउंटबोर्ड कापत बसायचं. बॅग आधीच भरलेली असते आणि वर ती ड्रॉइंगची नळी. आत्ताच एवढं मोठं मशीन घेतलंत तर पाच वर्षांच्या कोर्समध्ये खरी गरज लागेल तेव्हा, म्हणजे चौथ्या वर्षी आणि थिसिसला, ते म्हातारं झालेलं असेल. आत्ता १४ इंची, सव्वा ते दीड किलोचा घ्या, टाइप-सी वर ६५ वॅटने चार्ज होणारा. रॅम मात्र १६ जीबी पहिल्यापासूनच, पातळ लॅपटॉपमध्ये बहुतेक ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवू म्हणून चालत नाही. टूडी ऑटोकॅड आणि साधं स्केचअप त्यावर मस्त चालतं, मी करते रोज. मॅक घेणार असाल तर रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स ही सॉफ्टवेअर मॅकवर येत नाहीत, कॉलेजात काय शिकवतात ते विचारून घ्या.

आणि दुकानदार ग्राफिक कार्डाचं नुसतं नाव सांगेल, त्याला भुलू नका. लॅपटॉपचं आरटीएक्स ४०६० घेतलं तर तेच नाव ३५ वॅटवर पण चालतं आणि ११५ वर पण, दोघांत जमीन अस्मानाचा फरक. वॅट विचारा, तो गप्प बसला तर दुसरं दुकान.

आता हेही सांगायला हवं, मुलगी बाहेरगावी होस्टेलला असेल, लॅपटॉप खोलीतच राहणार असेल आणि घरात दुसरं काहीच मशीन नसेल, तर मात्र जड घ्या, आठ जीबी मेमरीच्या ग्राफिक कार्डाचा (ही मेमरी कार्डाची स्वतःची, रॅम वेगळी), चार जीबीत रेंडरला झाडं आणि गवत टाकलं की संपलं. दीड-पावणेदोन किलोत ग्राफिक कार्डवाले पण मिळतात, पण महाग, आणि तापतात. लोकलने किंवा बसने रोज ये-जा असेल तर माझं उत्तर वरचंच.

मी २०२३ ला १.३ किलोचा घेतला. तो गेमिंगवाला घरी टेबलावर असतो, रात्री त्यावर रेंडर लावून झोपते. त्यावरून भाऊजी दर दिवाळीला ऐकवतात, शेवटी काम माझ्याच मशीनवर होतं ना वहिनी. होतं. पण टेबलावरच ठेवायचं होतं तर त्याच पैशात याहून तगडा डेस्कटॉप आला असता, आणि हे मी त्यांना भाऊबीजेला जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, तर म्हणे वहिनी, आमटी वाढा.