मिस्टर जळगावला १०८ ॲम्ब्युलन्सवर आहेत, हायवेवरच्या मोठ्या ॲक्सिडेंटपासून गप्प असतात, बोलतं कसं करू?

ताई, खोदून खोदून विचारू नका, फक्त जवळ बसा आणि बोलले तर मध्ये न तोडता ऐका. मी काउन्सेलर आहे, पोलिस, फायर ब्रिगेडवाल्यांच्या घरचे येतात त्यांनाही हेच सांगते, कारण प्रसंग जबरदस्तीने वदवून घेतला तर त्रास वाढू शकतो. कुकरच्या शिट्टीला दचकणं, रात्री उठून बसणं, पोरांवर खेकसणं हे सुरुवातीला होतंच, बऱ्याच जणांचं हळूहळू कमीही होतं. टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात, आणि मिस्टर नाही म्हणाले तरी तुम्ही स्वतःसाठी कराच, तुमचीही झोप उडालीये ना. फक्त महिन्याच्या वर गेलं, दारू वाढली तर सरकारी दवाखान्यात मानसोपचारवाल्यांना दाखवा, आणि जीव नकोसा झालाय असं बोलले तर त्याच दिवशी न्या.