‘सूक्ष्म जुळवणी’ म्हणावे का?

विश्वातले भौतिक स्थिरांक जीवसृष्टी शक्य व्हावी इतके नेमके आहेत, या मुद्द्याला फाइन-ट्यूनिंग म्हणतात. मराठीत त्याला ‘सूक्ष्म जुळवणी’ म्हणणे योग्य आहे का, असा प्रश्न आहे.

मला तो शब्द पटत नाही. सूर लागतो, तसाच तो लावताही येतो. ‘जुळणे’ आणि ‘जुळवणे’ यांतही हाच फरक आहे. ‘जुळवणी’ म्हटले की जुळवणारा आलाच, आणि तो आहे की नाही यावरच तर सगळा वाद आहे.

भौतिकशास्त्र सांगते ते इतकेच, की काही आकडे जरासे हलले तरी परिणाम फार मोठे होतात. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा सुमारे ०.१४ टक्के जड आहे. हा फरक इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या साधारण अडीच पट भरतो. तो एकपटीहून कमी असता, तर साध्या हायड्रोजनमधल्या प्रोटॉनने आपलाच इलेक्ट्रॉन गिळला असता आणि त्याचा न्यूट्रॉन झाला असता. म्हणजे विश्वातला सर्वांत मुबलक अणूच टिकला नसता! कार्बनचेही तसेच. ताऱ्यांत हेलियमच्या तीन केंद्रकांपासून पुरेसा कार्बन तयार व्हायचा, तर त्याच्या केंद्रकाला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी १९५३ च्या सुमारास सांगितले आणि ती प्रयोगात सापडली. हॉयल तेव्हा कार्बनच्या प्रमाणाबद्दल बोलत होते. जीवसृष्टीचा संदर्भ त्या युक्तिवादाला नंतर जोडला गेला.

या उदाहरणांत नाजूकपणा स्पष्ट दिसतो. तो कोणी घडवला का, हे त्यांतून कळत नाही. म्हणून मी ‘सूक्ष्म मेळ’ सुचवेन. मेळ बसतो आणि मेळ घालताही येतो, त्यामुळे नाम तटस्थ राहते आणि बाजू घ्यायचे काम क्रियापदाकडे जाते. कर्ता मानणाऱ्याने ‘मेळ घातला’ म्हणावे, योगायोग मानणाऱ्याने ‘मेळ बसला’. असंख्य विश्वे मानणाऱ्यांचीही सोय होते: मेळ बसलेल्या विश्वातच हा प्रश्न विचारणारे कोणी असणार, असे त्यांचे म्हणणे.

‘जीवसृष्टीसाठी’ हा शब्दही जपून वापरावा. ‘साठी’ हे हेतुवाचक अव्यय आहे. ते लावले की हेतू सिद्ध न करताच मान्य होतो. ‘जीवसृष्टीला अनुकूल’ म्हटले तर ही अडचण येत नाही. ‘स्थिरांक’ऐवजी वापरल्या जाणाऱ्या ‘नियतांक’ शब्दातही कोणी नेमून दिल्याची छटा आहे. त्यापेक्षा ‘स्थिरांक’ बरा, शिवाय तो रुळलेलाही आहे.