बोअरच्या पाण्यातले जंतू खातात तरी काय?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एक, दोनशे फूट खाली कातळात ऊन नाही, पालापाचोळा नाही, तरी रिपोर्टमध्ये जंतू दाखवलेत, ते जगतात कशावर? दुसरा, नायट्रेट लिटरला ६० मिलिग्रॅम आलंय आणि गावातल्या कुणी सांगितलंय की बोअरमध्ये किलोभर गूळ सोडा, जंतू वाढतील आणि नायट्रेट संपवतील. तर सोडू का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: सोडू नका. का नको ते पहिल्या प्रश्नातूनच कळतं. पाणी तपासण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे लिहिताना थोडं लांबेल.

जंतूला कार्बन दोन कामांसाठी लागतो. एक शरीर बांधायला, दुसरं जाळून ऊर्जा मिळवायला. आपलं बेसॉल्टमधलं पाणी घ्या. त्यात बायकार्बोनेट लिटरला ३०० मिलिग्रॅम असणं अगदी नेहमीचं. म्हणजे नुसता कार्बन मोजला तर सुमारे ६० मिलिग्रॅम. पण हा कार्बन आधीच जळून झालेला आहे, त्यातून ऊर्जा निघत नाही. घरात पीठ पोतंभर आहे पण चुलीला सरपण नाही, तशी गत. सरपण आणि पीठ दोन्ही एकदम पुरवणारा कार्बन म्हणजे सेंद्रिय कार्बन, मुळांचा, पानांचा, शेणाचा. तो भूजलात सहसा लिटरला एक-दोन मिलिग्रॅम, पुष्कळदा त्याहून कमी.

इतका कमी का? कारण वाटेत सगळे जेवून घेतात. पावसाचं पाणी काळ्या मातीतून उतरताना चहासारखं मुरतं, वरच्या थरात त्यात दहा-वीस मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन सहज असतो. पण मातीत आणि मुरमात जंतूंची एवढी गर्दी असते की साखर, आम्लं, जे चटकन पचतं ते पहिल्या काही फुटांतच संपतं. काही भाग मातीच्या कणांना चिकटून बसतो. खाली कातळाच्या भेगेत पोहोचतं ते उरलंसुरलं, ह्यूमिक प्रकारचं, चिवट, पचायला जड. आकडा १ मिलिग्रॅम दिसला तरी त्यातला जंतूंच्या खरोखर कामाचा वाटा फार थोडा. डच मंडळींनी हा कामाचा वाटा वेगळा मोजायची पद्धत काढली. नळाच्या पाण्यात तो लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या खाली ठेवला तर पाइपात जंतू वाढत नाहीत, असा त्यांचा हिशोब. क्लोरीन न घालता शहरांना पाणी पुरवतात ते याच जोरावर. मारण्यापेक्षा उपाशी ठेवणं सोपं.

आता तुमच्या नायट्रेटचा हिशोब मांडू. ऑक्सिजन संपला की पुष्कळ जंतू नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. वही-पेन्सिलने समीकरण सोडवलं तर चार मिलिग्रॅम नायट्रेट घालवायला साधारण एक मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन जाळावा लागतो. तुमच्या ६० साठी झाले १४-१५. पण जंतू नायट्रेटला हात लावण्याआधी विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. तो लिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर आणखी जवळजवळ २. म्हणजे १६-१७ मिलिग्रॅम हवा, तोही पचणारा, आणि अंग वाढवायला लागेल तो वेगळाच. पाण्यात आहे एखादा मिलिग्रॅम, तोही चिवट. म्हणून आपल्याकडच्या विहिरी-बोअरमध्ये एकदा उतरलेलं नायट्रेट तिथेच राहतं. जंतू आळशी नाहीत, उपाशी आहेत.

मग गूळ घालायला काय हरकत, असं तुम्ही म्हणाल. कल्पना चुकीची नाही, माप आणि जागा चुकीची आहे. साडेसहा इंची बोअरमध्ये चाळीस मीटर पाणी उभं असेल तर ते साधारण आठशे-साडेआठशे लिटर. किलोभर गुळात पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास कार्बन. म्हणजे लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर, गरजेच्या पंचवीस पट! आधी ऑक्सिजन जाईल, मग नायट्रेट, आणि ते अर्धवट उतरलं तर वाटेत नायट्राइट होईल, जे जास्त वाईट. त्यानंतरही कार्बन उरलेलाच असेल, म्हणून जंतू खडकातल्या मँगनीज आणि लोखंडाकडे वळतील, पाणी भरताना स्वच्छ आणि तासाभरात पिवळट होईल. पुढे सल्फेटकडे, त्याचा सल्फाइड होतो, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. भेगांच्या तोंडाशी बुळबुळीत साय धरेल आणि बोअरचं पाणी कमी होईल. एवढं करून पंप चालवलात की बाजूच्या कातळातून नवीन नायट्रेटवालं पाणी येणारच.

हेच काम मोजूनमापून करतात तेव्हा जमतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या राइफल गावाजवळ युरेनियमच्या जुन्या कारखान्याखालचं पाणी दूषित होतं. तिथे संशोधकांनी भूजलात ॲसिटेट, म्हणजे व्हिनेगरचं मीठ, हळूहळू सोडलं. जिओबॅक्टर जातीचे जंतू वाढले आणि विरघळलेलं युरेनियम न विरघळणाऱ्या रूपात गेलं. न्यूझीलंडमध्ये वाहत्या भूजलाच्या आडवा चर खणून त्यात भुसा मिसळलेली माती भरतात. भुसा वर्षानुवर्षं थोडा थोडा कुजतो आणि पाणी त्यातून जाताना नायट्रेट सोडून जातं. दोन्हीकडे खाणं सावकाश मिळतं, आणि पिण्याच्या बोअरमध्ये कुणी काही ओतत नाही.

कार्बन जास्त झाला की काय होतं याची सगळ्यात वाईट गोष्ट बंगालची. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात गाळातल्या लोखंडाच्या ऑक्साइडला आर्सेनिक चिकटलेलं होतं, निरुपद्रवी. लोखंडावर श्वास घेणाऱ्या जंतूंना सेंद्रिय कार्बन मिळाला, त्यांनी ते ऑक्साइड विरघळवलं आणि आर्सेनिक पाण्यात उतरलं. आता हा कार्बन आला कुठून, यावर संशोधकांत वर्षानुवर्षं भांडण आहे. काही म्हणतात गाळातच गाडलेल्या जुन्या दलदलींचा, पीटचा. काही म्हणतात तळ्यांच्या तळाचा ताजा कार्बन, सिंचनाच्या पंपांनी खाली ओढून नेलेला. मला वाटतं जागोजागी उत्तर वेगळं असणार. पण जेवण कुठून आलं यावर एवढा खल करावा लागतो, कारण सगळं त्यावरच अडलेलं असतं.

उलट टोकाला, सेंद्रिय कार्बनाशिवाय चालवणारेही आहेत. वर पिठा-सरपणाचं म्हटलं ना, हे लोक सरपण दगडातून काढतात. लोखंड, अमोनिया, सल्फाइड, हायड्रोजन यांपैकी काहीतरी वापरून ऊर्जा मिळवायची आणि बायकार्बोनेटमधला कार्बन उचलून अंग बांधायचं. आयडाहोतल्या लिडी गरम झऱ्याच्या पाण्यात २००२ साली दाखवलं गेलं की तिथले नव्वद टक्क्यांहून जास्त जीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर मिथेन करणारे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खाली भेगेतल्या पाण्यात जवळजवळ एकच जात सापडली, डिसल्फोरुडिस. तिचा हायड्रोजन येतो खडकातल्या युरेनियमच्या किरणांनी पाणी फुटून. आपल्याकडे कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं, वर सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि खाली ग्रॅनाइट. त्या खडकांच्या नमुन्यांतही आयआयटी खरगपूरच्या लोकांना जंतू मिळाले. तुमचं दोनशे फूट त्यापुढे अंगणच म्हणायचं.

पण यासाठी तीन किलोमीटर जायला नको. कोकणातल्या जांभ्यातल्या झऱ्यावर किंवा बोअरच्या पाइपात शेंदरी, कापसासारखा चिकटा बघितला असेल. तो गॅलिओनेला वगैरेंचा. लोखंडाचा गंज करून त्यावर जगतात, कार्बन पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे देठ वेणीसारखे पिळलेले दिसतात. पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडीने मोडून बघा. लोखंडाचा असेल तर काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहतील. डिझेलचा असेल तर पुन्हा एकत्र येईल.

डिझेलवरून आठवलं. नवीन बोअर असेल तर पहिल्या महिन्यातल्या जंतूंच्या आकड्यावर जाऊ नका. बोअर मारताना हॅमरला घातलेलं तेल, ग्रीस, वरून पडलेली माती, हे सगळं जंतूंना सणाचं जेवण. भरपूर पंप करा, मग तपासा.

आणि सेंद्रिय कार्बन मोजून घ्यायचाच असेल तर माझी चूक करू नका. सुरुवातीच्या काळात मी एका बोअरचा नमुना घेतला, आकडा आला १७. मी खुश, काहीतरी वेगळं सापडलं! दोन दिवस मनात सिद्धान्त रचले. मग सहकाऱ्याने विचारलं, तोटी कशाने पुसलीस? जंतूंच्या तपासणीच्या सवयीने मी स्पिरिटचा बोळा फिरवला होता. एक थेंब स्पिरिट लिटरभर पाण्यात पडलं तर पंधरा-वीस मिलिग्रॅम कार्बन वाढतो. तोटी न पुसता पुन्हा नमुना घेतला, ०.८. तेव्हापासून कार्बनची बाटली आधी, काचेची, आणि स्पिरिट त्यानंतर.

आता तुमच्या घरासाठी. तुमचं ६० मिलिग्रॅम नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या ४५ च्या मर्यादेच्या वर आहे, तेव्हा लहान बाळाच्या दुधात हे पाणी वापरू नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यावर वाढतं. पिण्यापुरतं आरओ चालेल. आणि गुळाऐवजी टेप घ्या, बोअरपासून शोषखड्डा, गोठा आणि उकिरडा किती फुटांवर आहेत ते मोजा, आणि जमिनीचा उतार कुणीकडे आहे तेही बघा. ते आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.