दगडी स्थानकाची डागडुजी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: इगतपुरी-मनमाड मार्गावरच्या एका छोट्या स्थानकाची जुनी दगडी इमारत आमचा गट रेल्वेच्या परवानगीने दुरुस्त करतो आहे. उन्हाळ्यात दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरल्या. पावसाळ्यानंतर आतल्या गिलाव्याला पांढरा क्षार फुटला, पोपडेही सुटले. काय चुकलं?
— एक वाचक, नाशिकरोड

सिमेंट चुकलं. काळा दगड पाणी जवळपास पीतच नाही. अशा भिंतीतली ओल बाहेर पडते ती दरजांमधून, आणि तोच रस्ता तुम्ही बुजवलात. मग ओल आत वळते, गिलाव्यातून वाळते आणि जाताना क्षार मागे ठेवते. थळ (कसारा) घाटाचा मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. त्या काळातलं दगडी बांधकाम चुन्यातलं असायचं, त्याला चुनाच लावावा.

पण आधी पाणी कुठून येतं ते शोधा. बहुतेक जुन्या स्थानकांत फलाटाची उंची वाढत गेली आणि इमारतीचं जोतं त्यात गाडलं गेलं. फुटक्या पन्हळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी साचत असेल, तर वर काहीही भरा, उपयोग शून्य.

नंतर सिमेंट काढा, तेही छिन्नी-हातोडीनेच. ग्राइंडर लावलात तर दगडाच्या कडा कायमच्या जातात. दरज जितकी रुंद, त्याच्या दुप्पट खोल कोरायची, निदान २० मिलिमीटर तरी. धूळ झाडून आदल्या दिवशी भिंत भिजवा.

मालाचं प्रमाण मापाने: भिजवलेला चुना १, सुरखी (विटांची भुकटी) १, वाळू २. चुनकळी, म्हणजे न विरवलेला भाजका चुना, ताजी हवी. पाण्यात टाकताच ती सणसणून उकळली पाहिजे. नुसती विरघळत बसली तर शिळी समजा आणि परत करा. नेहमी पाण्यात चुनकळी टाका, चुनकळीवर पाणी नको, उसळून डोळ्यांत जातं. गॉगल आणि रबरी हातमोजे सगळ्यांना. विरलेला चुना चाळून पाण्याखाली किमान पंधरा दिवस ठेवा, महिनाभर मुरला तर उत्तम. सुरखी मऊ भाजलेल्या विटांची घ्या. काळपट, जास्त भाजलेल्या विटेची भुकटी चुन्याशी धरत नाही. वाळू बाटलीत पाण्यासोबत हलवून रात्रभर ठेवा. वर गाळाचा ठळक थर बसला तर धुतल्याशिवाय वापरू नका.

भरणी एका दमात नको. १०-१२ मिलिमीटरचा थर, तो आवळला, म्हणजे घट्ट झाला, की पुढचा. शेवटचा थर दगडाच्या कडेपासून किंचित आत ठेवा. त्यावर ओली गोणपाटं आठ-दहा दिवस. बहुतेक काम इथेच बिघडतं: रविवारी स्वयंसेवक येतात, सोमवारी पाणी मारायला कोणी नसतं. पाण्याची पाळी आधी ठरवा, मगच माल कालवा. ऑक्टोबरअखेर किंवा फेब्रुवारी-मार्च ही योग्य वेळ. थंडीत निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली घसरतो, तेव्हा चुना आवळत नाही. मे महिन्यात तो आवळण्याआधीच वाळून भुगा होतो.

प्रश्न: मंगळुरी कौलं बदलताना नवी कौलं जुन्यांत नीट बसत नाहीत.
— एक वाचक, देवळाली कॅम्प

बसणार नाहीत. कारखान्यागणिक खाचा वेगळ्या. एकाच उतारावर दोन्ही मिसळू नका. शाबूत जुनी कौलं काढून फलाटाकडच्या दर्शनी उतारावर लावा, नवी मागच्या बाजूला. बोटाने वाजवून पाहा: खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द वाजलं तर आत तडा आहे.

कौलं टेकतात त्या पट्ट्यांमधलं अंतर कारखान्याच्या कागदावरून घेऊ नका. अकरा कौलं जमिनीवर ओळीने अडकवा. पहिल्याच्या वरच्या कडेपासून अकराव्याच्या वरच्या कडेपर्यंत एकदा पूर्ण ताणून, एकदा दाबून मोजा, दोन्हींची सरासरी काढून दहाने भागा. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, तुटफुटीसाठी दहा टक्के जादा मागवा. आढ्याची कौलं चुन्यातच बसवा. सिमेंटात बसवलेलं कौल पुढच्या दुरुस्तीत फुटूनच निघतं.

प्रश्न: भिंतीतून पिंपळ उगवला आहे. गवंडी अॅसिड ओता म्हणतो.
— एक वाचक, लासलगाव

अॅसिड मुळाआधी चुना खाईल. ओढूही नका, मुळासोबत दगड येतो. खोड भिंतीलगत कापा आणि ताज्या कापावर लगेच, काही मिनिटांत, मुळापर्यंत झिरपणारं तणनाशक ब्रशने लावा. पुन्हा फुटवा आला तर पुन्हा. मूळ पूर्ण वाळल्यावरच काढा आणि पोकळीत पातळ चुना ओता. आवारातला मोकळा पिंपळ मात्र राहू द्या, त्याने कोणाचं काही बिघडवलेलं नाही.

प्रश्न: महाविद्यालयातल्या मुलांना फलाटाचे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब घासून रंगवायचे आहेत. देऊ का?
— एक वाचक, इगतपुरी

कोरडं घासणं नाही. जुन्या रंगांच्या थरांत शिसं असू शकतं, त्याची धूळ श्वासात जाते. पृष्ठभाग ओला करून हाताने खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, मास्क साधा कापडी नको. खरवडलेलं पिशवीत बंद करा, फुलझाडांच्या वाफ्यात टाकू नका. खांबाला तडा असेल तर रंगवण्याआधी अभियंत्याला दाखवा. बीड साध्या वेल्डिंगने जुळत नाही, तडा बाजूला सरकतो. काही जुन्या छपरांचं पाणी पोकळ खांबांतूनच खाली जातं, त्यामुळे तळाचं भोक बुजवू नका.

आणि रुळांच्या बाजूला शिडी लावायची असेल, तर आधी रेल्वेच्या विद्युत विभागाची लेखी परवानगी. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तारेला हात लागायलाच हवा असं नाही, लोखंडी शिडी नुसती जवळ गेली तरी पुरे. बिनपरवाना रेल्वे हद्दीत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हाच आहे. तेव्हा मुलांच्या नावांची यादी स्थानक अधीक्षकांकडे आदल्या दिवशीच द्या.